शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण खानदेशात कोणाच्या सवडीने चालते?

तापीकाठ (यावल तालुका)

दहावी-बारावी झाल्यावर, किंवा त्याआधीच शाळा सुटल्यावर, पुन्हा काही शिकायचे मनात आले तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज वाटा कमी नाहीत. तालुक्याच्या गावी आयटीआय आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन काम करते आणि त्याची अभ्यासकेंद्रे आपल्याच महाविद्यालयांत आहेत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिकण्याचा, राहण्याचा आणि जेवणाचा खर्च द्यावा लागत नाही. ममुराबाद, पाल, धुळे आणि नंदुरबारजवळ कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यभरात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. वाटा इतक्या असूनही त्यांवरून चालणारी माणसे थोडी का, हा माझा प्रश्न आहे.

मी गावातले सार्वजनिक वाचनालय सांभाळते. वर्तमानपत्र चाळायला येणारे अनेक जण हळूच विचारतात की अमुक कोर्सचा अर्ज कुठे मिळेल, वयाची अट काय, दाखला हरवला असेल तर चालेल का. विचारणाऱ्यांत निंदणीला (शेतातले तण काढायला) जाणाऱ्या बाया असतात, सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी) असतात, जिनिंगमध्ये हंगामी काम करणारी मुले असतात, आणि लग्न होऊन आलेल्या, बारावीपर्यंत शिकलेल्या सुनाही असतात. म्हणून ‘आपल्या लोकांना शिकण्याची आवडच नाही’ हे जे बैठकांमधून ऐकू येते, ते मला मुळीच मान्य नाही. विचारायला येणारी माणसे मी रोज पाहते. ती वर्गापर्यंत पोहोचत नाहीत, आणि ती कुठे गळतात हे पाहिले की जवळजवळ प्रत्येक वेळी तीनच गोष्टी पुढे येतात: वर्गाची वेळ, गाडीची वेळ आणि बुडणारा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी.

आपल्याकडचे बहुतेक प्रशिक्षण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत होते, कारण ती शिकवणाऱ्यांच्या कार्यालयाची वेळ आहे. निंदणीच्या बाईचा कामाचा दिवस नेमका तोच असतो. तिला शिवणकामाच्या किंवा मसाला तयार करण्याच्या महिनाभराच्या वर्गाला बसवायचे म्हणजे महिन्याची मजुरी सोडायला सांगणे. वर्ग मोफत आहे असे आपण म्हणतो, पण तिच्या घरी त्या वर्गाची किंमत मोजली जाते आणि ती किंमत फी भरावी लागली असती त्याहून कितीतरी मोठी असते. याउलट १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. आमच्या परिसरातल्या सुतार, कुंभार आणि शिंपी मंडळींनी त्या योजनेची जितक्या आस्थेने चौकशी केली, तितकी दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षणाची केलेली मी पाहिली नाही. ही तीच माणसे आहेत ज्यांना आवड नाही असे म्हटले जाते.

दुसरी गोष्ट वर्षाच्या घडीची. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू होते आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळत असल्याने त्या काळात घरातला प्रत्येक हात शेतात असतो. त्यानंतर जिनिंगचा हंगाम. केळीच्या पट्ट्यात मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या लागवडी आणि कापण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पेरणीआधीचा, म्हणजे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागेचा काळच काय तो मोकळा. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे ठरते. लेकी माहेरी येतात. शेतात काम कमी असते. अशा वेळी गावात महिनाभराचा वर्ग भरवला तर बसायला माणसे मिळतील. पण तेव्हा शाळा-महाविद्यालयांना सुट्टी असते म्हणून प्रशिक्षणही बंद असते, आणि नवे वर्ग निधी आला की भर वेचणीत सुरू होतात. ऊन फार असते हे खरे, जळगाव-भुसावळचा मे महिना सर्वांना माहीत आहे. त्यासाठी सकाळी सात ते दहा ही वेळ ठेवता येते.

गाडीचे तर सांगायलाच नको. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा मोठा उपयोग झाला. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पास आहे. पण तालुक्याहून गावाकडे येणारी शेवटची गाडी जर साडेपाचला सुटत असेल आणि वर्ग साडेपाचलाच सुटत असेल, तर तिकीट निम्मे असो की फुकट, मुलगी दुसऱ्या आठवड्यात घरी बसते.

या धाग्यावर मला योजनांची यादी नको आहे, ती पुस्तिकांमध्ये मिळते. तुमच्या गावात किंवा कामाच्या ठिकाणी कोणता वर्ग खरोखर भरला आणि शेवटपर्यंत टिकला, त्याची वेळ, महिना आणि ठिकाण काय होते, एवढे लिहावे. कुठे कामावर असतानाच मालकाने शिकवले असेल तर तेही लिहावे.

भुसावळचा जोडारी

ताई, आपण वेळेचा मुद्दा बरोबर धरला आहे. मी आयटीआयमधून जोडारी (फिटर) या व्यवसायाचे प्रमाणपत्र घेतले, पुढे शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) केली आणि सारी नोकरी रेल्वेत काढली. त्या अनुभवावरून कामाच्या ठिकाणच्या शिक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

रेल्वेत गाडीच्या सुरक्षिततेशी संबंधित पदावरच्या माणसाला ठराविक काळाने उजळणी प्रशिक्षण घ्यावेच लागते. आमच्या भुसावळला त्यासाठी क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे आणि दूरदूरच्या विभागांतून स्टेशन मास्तर आणि वाणिज्य विभागातले कर्मचारी तिथे येऊन राहतात. त्या काळात त्यांचा पगार चालू असतो, कारण प्रशिक्षण हा कामाचाच भाग धरलेला आहे. तिथे कोणी ‘आवड आहे का’ असे विचारत नाही. नियम बदलला की माणसाला नवा नियम आला पाहिजे, आणि तो शिकवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची, हे तिथे ठरलेले आहे. त्याच शहरात कंत्राटदाराकडे वेल्डिंग करणारा मुलगा डोळ्यांवर काळी काच न लावता जोड देतो, कारण त्याला कोणी बसवून शिकवलेले नाही आणि शिकायला जायचे तर त्याचा रोज जातो. दोघांच्या बुद्धीत काडीचा फरक नाही. एकाच्या शिकण्याचा वेळ मालकाच्या खात्यावर आहे आणि दुसऱ्याचा त्याच्या स्वतःच्या पोटावर.

कायद्याने यावर उपाय केलेला आहे, तो कमी लोकांना माहीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ज्या आस्थापनेत, कंत्राटी कामगार धरून, ३० किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात, तिने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. आणि ही उमेदवारी आयटीआयवाल्यांपुरती नाही. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवारांसाठीही विद्यावेतन ठरवून दिले होते, ते तेव्हा महिना ५,००० रुपये होते. म्हणजे सातवीतून शाळा सोडलेल्या मुलालाही कामावर राहून, पैसे मिळवत, कायदेशीर रीतीने शिकता येते. आमच्या भागातल्या पालकांना हे सांगितले की ते आधी विश्वासच ठेवत नाहीत.

आयटीआयच्या बाबतीत एक तक्रार मात्र आहे. कातारी (टर्नर), यंत्र कारागीर (मशिनिस्ट), संधाता (वेल्डर) या व्यवसायांना मुली अजूनही फार कमी येतात. त्यांना नको असते असे नाही. प्रवेशाच्या वेळी घरचे आणि कधीकधी समुपदेशन करणारेही त्यांना शिवणकामाकडे वळवतात. माझ्या पुतणीने वीजतंत्री व्यवसाय घेतला, तेव्हा घरात आठवडाभर वाद चालू होता. आज ती वीज उपकेंद्रात काम करते.

पारोळ्याहून

धागा वाचून एक व्यक्तिगत प्रश्न विचारते. माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे, नववीत शाळा सुटली, ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम त्याला उत्तम येते. घरचे म्हणतात, ‘आते शिकीसन काय करशी?’ त्याला दहावी व्हायचे आहे आणि जमल्यास आयटीआय करायचे आहे. वयामुळे अडेल का?

तापीकाठ (यावल तालुका)

वयामुळे अडणार नाही. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. भाऊंच्या दोन्ही अटी पूर्ण आहेत. फॉर्म साधारण पावसाळ्यात ऑनलाइन भरला जातो आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, इतर विद्यार्थ्यांबरोबरच होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नसेल तर शेवटच्या शाळेतून दुय्यम प्रत काढून ठेवावी, कारण बहुतेकांचा फॉर्म तिथेच अडतो. आयटीआयला प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. शिवाय पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. ज्याला काम आधीच येते त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकत बसू नये हाच तिचा हेतू आहे. भाऊंच्या कामात कोणत्या नावाने अशी चाचणी होते, हे जवळच्या आयटीआयमध्ये विचारावे. आणि घरच्यांना सांगावे की चौतीस वर्षांच्या माणसापुढे कामाची अजून पंचवीस-तीस वर्षे आहेत.

अक्राणीतला शिक्षक

मी धडगाव तालुक्यात शिकवतो. ताईंनी वर्षाच्या घडीचे जे लिहिले आहे, त्याचा सगळ्यात ठळक पुरावा आमच्याकडे आहे, म्हणून थोडे लांब लिहितो.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती आणि ती राज्यात सर्वांत कमी होती; राज्याचा आकडा ८२ टक्क्यांच्या वर होता. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, आला. त्यात पगारी शिक्षक नाहीत, स्वयंसेवकांनी शिकवायचे आहे. शेवटी १५० गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. कल्पना चांगली आहे आणि आमच्या शाळेतल्या मोठ्या मुलींनी आपल्या आयांना शिकवताना मी पाहिले आहे. सही करायला शिकलेल्या आईने बँकेत अंगठा नाकारला, असा प्रसंग आमच्या पाड्यावर घडला तेव्हा त्याची चर्चा बाजाराच्या दिवशी सर्वत्र होती.

पण चाचणीची तारीख पाहा. २०२४ मध्ये राज्यात ती १७ मार्चला झाली. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. होळी हा सातपुड्यातला सर्वांत मोठा सण असल्याने शक्य असेल ते लोक होळीसाठी परत येतात, आणि त्या वर्षी होळी २४ मार्चला होती. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखला ती माणसे चाचणीच्या दिवशी उसाच्या फडात होती आणि आठवड्याने होळीच्या भोंगऱ्या बाजारासाठी गावात हजर होती. तारीख पंधरा दिवस पुढे असती तर त्यांतले बरेच जण बसू शकले असते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता हे मी जाणतो. राज्यभर एकच तारीख ठरवताना धडगावचे कॅलेंडर कोणाच्या समोर नसते, इतकेच.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे घरात पावरी आणि भिली बोलतात. चाळिशीची बाई मराठीत अक्षर शिकते तेव्हा ती अक्षराबरोबर भाषाही शिकत असते. तिला पहिले महिने तिच्या बोलीत बोलून मग मराठीत आणावे लागते, आणि हे काम तिच्या पाड्यावरचाच स्वयंसेवक करू शकतो. तालुक्याहून आलेला प्रशिक्षक, तो कितीही मनाने चांगला असला तरी, करू शकत नाही.

आमच्या शेजारच्या शहादे परिसरात लोकशिक्षणाची एक जुनी परंपरा आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी भूमिहीन आदिवासींमध्ये शिबिरे भरवली. मजुरी किती मिळायला हवी, जमिनीचा कागद कसा वाचायचा, सावकाराचा हिशेब कसा तपासायचा, हे त्या शिबिरांत बोलले जाई. बायकांच्या शिबिरांतून पुढे दारूविरुद्धचे आंदोलन उभे राहिले. ज्याची उद्या गरज पडणार आहे तेच आज शिकायला मिळत होते, म्हणून दिवसभर राबलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात बसत. आजच्या साक्षरतेच्या वर्गात जर पहिल्याच आठवड्यात उसाच्या उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) हिशेब मांडायला शिकवला, टनामागे दर किती, उचल किती, कापले किती, राहिले किती, तर वर्गाला माणसे बोलवावी लागणार नाहीत. मी आमच्या पाड्यावर असे करून पाहिले आणि ज्यांनी कधी पाटी धरली नव्हती असे मुकादमाच्या टोळीतले पुरुषही येऊन बसले.

चटई उद्योग, जळगाव

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटई तयार करण्याचा लहानसा कारखाना चालवतो. वरचे सर्व वाचले आणि मनापासून पटले, तरी मालकाची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो.

माझ्याकडे यंत्रावर बसवलेला मुलगा धागा ओढण्याचे आणि विणकामाच्या यंत्राचे काम शिकायला चार-पाच महिने घेतो. त्या काळात माल वाया जातो, यंत्र थांबते, जुन्या कारागिराचा वेळ जातो. मुलगा तयार झाला की शेजारचा कारखाना पाचशे-हजार रुपये जास्त देऊन त्याला नेतो. हे मी अनेकदा अनुभवले आहे. मग मी शिकवण्यावर खर्च का करावा? मोठ्या कंपन्यांना स्वतःचे प्रशिक्षण विभाग परवडतात. वीस माणसांच्या कारखान्याला शिकाऊ उमेदवारांचे पोर्टल, करार, मासिक नोंदी हे सांभाळायला वेगळा माणूस लागतो. म्हणून लहान मालक तयार माणूस शोधतो, आणि तयार माणूस कोणीच करत नसल्याने शेवटी परप्रांतातून आणतो. मला स्थानिक मुले हवी आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

भुसावळचा जोडारी

आपली अडचण खरी आहे आणि ती एकट्या मालकाने सुटणारी नाही. म्हणूनच अनेक लहान कारखान्यांनी मिळून शिकवण्याचा विचार करावा. जळगावला चटईचे, डाळीचे आणि प्लास्टिकच्या पाइपांचे कारखाने एकाच वसाहतीत शेजारी शेजारी आहेत. दहा मालकांनी मिळून एक जुना कारागीर शिक्षक म्हणून ठेवला आणि नोंदी सांभाळायला एक माणूस नेमला, तर प्रत्येकाचा वाटा थोडा येतो. मुलगा एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला तरी त्याला शिकवण्याचा खर्च सगळ्यांनीच केलेला असतो. पुस्तकी भाग आयटीआयमध्ये आणि हाताचा भाग कारखान्यात अशी दुहेरी प्रशिक्षण पद्धतीही आता आहे. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटलात तर माहिती मिळेल.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये सरकारकडून मिळू लागले. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा महिने झाली. आमच्या परिसरातली बरीच मुले त्यात कार्यालयांमध्ये बसली आणि मुदत संपल्यावर पुन्हा घरी आली, कारण कार्यालयात शिकलेले बाहेर विकले जाईल असे फारसे काही नव्हते. तीच मुले आपल्यासारख्यांच्या यंत्रावर असती तर अकरा महिन्यांत कारागीर झाली असती. तेव्हा आपणही थोडे पुढे यावे, ही विनंती.

कांदेबाग

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि निर्यातीकडे ओढा वाढला. निर्यातीचा घड झाडावर असल्यापासून जपावा लागतो: त्यावर पिशवी चढवायची, कापताना तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, फण्या अलग करून धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या. एका ओरखड्याने फणी बाद होते. हे काम हाताच्या सवयीचे आहे आणि माझ्या मते बाया ते अधिक नेटके करतात. पण प्रशिक्षणाला बोलावणे येते ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला. कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ मनापासून शिकवतात, मी स्वतः पाल येथे जाऊन पुष्कळ शिकलो. तरी त्या सभागृहात बसलेल्यांत प्रत्यक्ष घड हाताळणारे हात फार थोडे होते.

आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून वेगळे केले. कापणीच्या पहिल्या दिवशी अनुभवी माणूस बांधावर आणला, त्याने दोन तास शिकवले आणि त्या दोन तासांचा रोज आम्ही बायांना नेहमीप्रमाणे दिला. वर्ग म्हणून त्याची कुठे नोंद नाही, प्रमाणपत्रही नाही. पण बाद माल कमी झाला आणि त्या बायांना आता शेजारच्या गावांतून बोलावणे येते, रोजही थोडा वाढवून मिळतो. अशा शिकण्याला कोणीतरी चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यावे, एवढीच माझी मागणी आहे. ताईंनी वर ज्या पूर्वानुभवाच्या चाचणीचा उल्लेख केला, ती आमच्या बांधावर येऊन होऊ शकेल का?

अमळनेरची सून

मी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, म्हणून टिकण्याविषयी दोन शब्द. विद्यापीठाची पुस्तके मराठीत आणि स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली असतात, रोज वर्गात जावे लागत नाही, संपर्कसत्रे बहुधा सुट्टीच्या दिवशी असतात. हे सर्व माझ्यासारखीच्या सोयीचे होते. तरीही माझ्याबरोबर नाव घातलेल्या कितीतरी जणी दुसऱ्या वर्षी दिसल्या नाहीत. घरी एकटीने पुस्तक उघडणे हेच अवघड असते. सासरी सून वाचत बसलेली दिसली की ती रिकामी आहे असे समजले जाते आणि कोणीतरी काम सांगते.

मला टिकवले ते आमच्या गल्लीतल्या तीन बायांनी. आम्ही वेगवेगळ्या अभ्यासक्रमांना होतो, पण दुपारी दोन ते साडेतीन एकीच्या ओट्यावर मिळून बसायचो. ‘अभ्यासाला जाते’ असे सांगून घराबाहेर पडता आले, यातच निम्मे काम झाले. तेव्हा वाचनालयांनी दुपारच्या वेळी एक खोली फक्त शिकणाऱ्या बायांसाठी उघडी ठेवावी, शिक्षक नसला तरी चालेल. ज्या बचत गटात आम्ही होतो तिथल्या बँक सखीने नंतर त्याच ओट्यावर मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवले आणि त्या दिवशी गल्लीतल्या सासवाही येऊन बसल्या. माझ्या सासूबाईंनीच पुढे माझ्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक सांभाळला.

तापीकाठ (यावल तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ओट्याची सूचना मी लगेच घेतली आहे. आमचे वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडते आणि दुपारी बंद असते; सोमवारपासून दुपारी दोन ते चार ते बायांसाठी उघडे राहील. वर्तमानपत्रांचे टेबल भिंतीला सरकवून जागा करता येते.

कांदेबाग, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आयटीआयकडून आणि कृषी विज्ञान केंद्राकडून लेखी मागवते. चाचणी घेणाऱ्याला बागेत यायचे असेल तर किती उमेदवार लागतात, हे आधी कळले पाहिजे. आपण आपल्या आणि शेजारच्या गावांतल्या इच्छुक बायांची संख्या काढून ठेवावी.

ग्रामपंचायतीचा ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा तयार करताना शिक्षणाच्या मुद्द्याखाली आपण बहुधा शाळेची खोली आणि कुंपण एवढेच लिहून देतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या वर्षी मी तीन गोष्टी मांडणार आहे: गावासाठी मंजूर होणारा कोणताही प्रशिक्षणवर्ग आखाजी ते पेरणी या काळात आणि सकाळी भरावा, मजुरी करणाऱ्यांना त्या दिवसांचे विद्यावेतन मिळावे अशी मागणी ठरावात असावी, आणि तालुक्याहून येणारी शेवटची गाडी संध्याकाळी साडेसहाला सोडण्यासाठी आगाराला पत्र द्यावे. ठरावाचा मसुदा तयार झाला की इथेच टाकते, म्हणजे चोपडा, शिरपूर, साक्री कडच्या मंडळींना आपल्या पिकांप्रमाणे महिने बदलून वापरता येईल.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. आपल्या पाड्यांवरची किती कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि होळीच्या किती दिवस आधी परततात, याची टिपणी शाळेच्या वहीतून काढता आली तर पुढच्या चाचणीच्या तारखेसाठी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे योजना विभागात अर्ज करता येईल. अर्ज मी लिहून देते. आकडे मात्र आपल्याकडूनच हवेत.

अक्राणीतला शिक्षक

आकडे मिळतील. कोण कधी गेले आणि कधी आले हे मुलांच्या हजेरीवरूनच कळते, कारण मुलेही आईवडिलांबरोबर जातात. गेल्या तीन वर्षांची हजेरी पाहून दिवाळीच्या आत पाठवतो. शेजारच्या दोन केंद्रांतल्या शिक्षकांनाही विचारतो, म्हणजे अर्ज एका पाड्याचा राहणार नाही.